दारातला आवाज

"आणखी एक पाऊल मागं घ्या," टिपणीस साहेब म्हणाले.

आकारामदादा एक पाऊल मागं सरकला. साहेबांनी कानावरचं यंत्र नीट बसवलं, समोरच्या मशीनच्या सुईवर डोळा ठेवला आणि हात वर केला. केरबा शाहिरांनी डफावर थाप मारली, मुबारकचाचांची ढोलकी सुरू झाली, मी तुणतुणं छेडलं. शाहिरांनी ओळ टाकली, दादानं ती वरच्या वर उचलली, आणि सुई टुणकन उडी मारून लाल रेघेच्या पलीकडं गेली.

"थांबा, थांबा! तुमचं नाव काय म्हणालात?"

"आकाराम."

"आकाराम, तुम्ही अजून दोन पावलं मागं. बाकीचे आहात तिथंच."

साल एक्क्याऐंशी. इचलकरंजीत मगदूम शेठजींच्या सुताच्या गोदामात आमच्या फडाची कॅसेट भरायचं काम चाललं होतं. त्या गावात एरवी मागांच्या खडखडाटात माणसाला स्वतःची शिंक ऐकू येत नाही, म्हणून मागांना सुट्टी असते तो दिवस धरला होता. भिंतींना लागून छतापर्यंत सुताची बाचकी रचलेली, त्यामुळं आवाज कुठंही घुमत नव्हता. जागेवर साहेब बेहद्द खूश होते. अडचण एवढीच होती की साहेबांनी पुण्याहून आणलेल्या दोन माइकांपैकी एक वाटेत आपटून मुका झाला होता. काय गायचं ते एका माइकवर, आणि संध्याकाळी सहाला मागांची पाळी सुरू व्हायच्या आत.

आता आमच्या फडाची रीत सांगितली पाहिजे, नाहीतर दोन पावलं मागं जाण्यात एवढं काय आहे, असं कुणालाही वाटेल. आमच्यात उभं राहायच्या जागा ठरलेल्या असत. शाहीर मधोमध. त्यांच्या उजव्या खांद्याला पहिला झीलकरी, म्हणजे शाहिरांची ओळ उचलून वर नेणारा. डाव्या खांद्याला तुणतुणं, मागं ढोलकी. उजव्या खांद्याला जो उभा, तो शाहिरांचा वारस. शाहीर थकले की डफ त्याच्या हातात जायचा, त्यात बोलाचाली नसायची.

आणि दुसरी रीत अशी की केरबा शाहीर कुणाला 'जा' म्हणत नसत. माणूस नकोसा झाला की त्याला एकेक जागा मागं सरकवायचे. आज ढोलकीच्या शेजारी, पुढच्या जत्रेला ढोलकीच्या मागं. सरकत सरकत तो चपलांपाशी पोचला की त्याचं त्यानं समजून घ्यायचं आणि गावाकडची एसटी धरायची. माझ्यादेखत दोघांना त्यांनी असं घालवलं होतं, आणि दोघांशीही शेवटपर्यंत गोड बोलत होते.

शाहिरांनी सत्तरी गाठली होती. छातीत कफ धरला होता, आणि येत्या दिवाळीला डफ खाली ठेवणार असं त्यांनी चारचौघांत बोलून दाखवलं होतं. दादा अकरा वर्षं उजव्या खांद्याला उभा होता. तो माझ्या भावकीतला, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. मला फडात आणलं त्यानं, तुणतुण्याची तार कशी आवळायची ते शिकवलं त्यानं. डफ त्याचा होता यात कुणालाच शंका नव्हती.

मला तो डफ हवा होता. आज हे सांगायला लाजत नाही, लाजायचं त्याहून मोठं पुढं आहे.

"अजून मागं," साहेब म्हणत राहिले. दादा ढोलकीच्या मागं गेला, मग बाचक्यांच्या रांगेपाशी, मग लोखंडी दारापाशी. दर वेळी शाहीर ओळ टाकायचे, दादा ती उचलायचा आणि सुई लाल रेघ ओलांडायची. शेवटी साहेब उठले, दादाच्या खांद्याला धरून त्यांनी त्याला उंबऱ्याबाहेर उभं केलं आणि त्याचं तोंड आत वळवलं. "आता इथून हलू नका."

बाहेर, दादाच्या पायांशी, आमच्या चपला होत्या.

मुबारकचाचांनी माझ्याकडं बघितलं. मी तुणतुण्याच्या खुंटीकडं बघितलं. दादा शाहिरांकडं बघत होता. 'तुम्ही बोला की काहीतरी,' असं त्याच्या डोळ्यांत स्पष्ट होतं. पण शाहिरांना नेमकी खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर ते म्हणाले, "साहेब म्हणतील तसं. आज फड साहेबांचा हाय."

"आणि तुम्ही, तुणतुणं," साहेब मला म्हणाले, "तुम्ही इकडं उजवीकडं या. तिथं रिकामं वाटतंय."

मी उजव्या खांद्याला जाऊन उभा राहिलो. त्या बिचाऱ्या साहेबांना काय ठाऊक, त्यांनी बोटाच्या एका इशाऱ्यानं काय हलवलं ते!

पहिलं गाणं भरलं. 'घाट उतरता साद ऐकली, मागं वळून बघू नये जी.' शाहिरांची स्वतःची रचना. सुई लाल रेघेच्या अलीकडं नाचत राहिली आणि साहेबांनी मान डोलावली. दुसरं गाणंही एका दमात झालं. दादा दारातून झील देत होता, पण दोन गाण्यांच्या मध्ये त्यानं कुणाकडं बघितलं नाही.

दुपारी शेठजींच्या घरून जेवण आलं. आमटी, भात, चपात्या, शेंगदाण्याची चटणी, घट्ट दही. शेठजी जैन, त्यामुळं कांद्या-लसणाचं नाव नाही. मुबारकचाचा ताट पुढं घेऊन म्हणाले, "जेवण फस्क्लास हाय, पर कांदा नसला की मला उपास सोडल्यासारखं वाटत न्हाई." शाहीर हसले. दादा भिंतीकडं तोंड करून जेवत होता.

तेवढ्यात साहेबांनी मला मशीनपाशी बोलावलं. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, त्यामुळं साहेब लोकांशी बोलायचं काम माझ्याकडं असायचं. त्यांनी कानावरचं यंत्र माझ्या डोक्यावर चढवलं आणि टेप मागं नेऊन सोडली.

आधी माझ्याच तुणतुण्याचा आवाज ऐकू आला, डबड्यात खडा वाजावा तसा. मग शाहिरांची ओळ. आणि मग लांबून, पार लांबून, दादाची झील आली. जवळून ऐकताना कानठळ्या बसवणारा तो आवाज इतक्या अंतरावरून बारीक आणि स्वच्छ होऊन येत होता. घाटाच्या पलीकडून खरोखरच कुणी हाक मारतंय, असं वाटत होतं. अकरा वर्षं त्या माणसाच्या शेजारी उभा राहून मी त्याला कधी ऐकलंच नव्हतं.

"ऐकलंत?" साहेब हळू म्हणाले. "पस्तीस वर्षं मी लोकांचे आवाज भरतोय. असा आवाज दोनदा भेटला, हा तिसरा. जवळ उभा केला तर यंत्र फाटतं, आणि तुम्ही सगळे त्याच्याखाली बुडता. म्हणून लांब ठेवलाय. ही कॅसेट चालली तर त्या दारातल्या माणसामुळं चालेल, हे लिहून ठेवा."

"व्हय साहेब."

"त्यांना सांगा. मघापासून ते माझ्याकडं बघतसुद्धा नाहीत, काहीतरी मनाला लागलंय. मी परका माणूस, माझं बोलणं गोड लागायचं नाही. तुम्ही घरचे. म्हणावं, साहेबांनी तुम्हाला मागं ढकललं नाही, तुमच्यासाठी जागा शोधली. बॅटऱ्या उतरायला लागल्यात, नाहीतर सगळ्यांनाच ऐकवलं असतं."

मी परत आलो आणि ताटावर बसलो. दादानं पहिल्यांदाच मान वळवली. त्याचा घास हातातच होता.

"काय म्हणाला रं साहेब?"

एवढंच विचारलं त्यानं. आणि मी काय बोलणार आहे, हे माझं मलासुद्धा तोंड उघडेपर्यंत ठाऊक नव्हतं.

"काय न्हाई," मी म्हणालो. "जेवणात कांदा न्हाई म्हणतोय."

मुबारकचाचा खो खो हसले. "बघा, साहेब बी आपल्यातलाच निघाला!" दादा हसला नाही. त्यानं हातातला घास ताटात परत ठेवला, पाणी प्याला आणि दारात जाऊन उभा राहिला.

दुपारनंतर चार गाणी भरली. त्या चार गाण्यांत दादा जे गायला ते मी त्याआधी ऐकलं नव्हतं आणि त्यानंतर कुणाकडून ऐकलं नाही. फडातलं आपलं हे शेवटचं गाणं, असं त्यानं धरलंच होतं. प्रत्येक झील तो अशी सोडत होता की पुन्हा तिची गरजच पडणार नाही. शाहीर स्वतः दोनदा ओळ विसरले. साहेबांनी एकदा चष्मा काढून पुसला. लोक आजही त्या कॅसेटची दुसरी बाजू ऐकून डोळे पुसतात, आणि मला सगळ्यात जास्त डाचतं ते हेच. मी खरं सांगितलं असतं तर दादा खुशीत गायला असता, चांगलाच गायला असता, पण असा नाही. माझ्या खोट्यानं ती कॅसेट मोठी झाली. हे कुणापुढं बोलायची सोय नाही.

शेवटचं गाणं संपता संपता शेजारच्या कारखान्यात पहिला माग सुरू झाला. कॅसेटच्या अगदी शेवटी त्याची खडखड ऐकू येते. लोक समजतात, मुद्दाम घातली आहे.

आम्ही सामान बांधत होतो. दादानं आपली झांज शाहिरांपुढं ठेवली, वाकून त्यांच्या पायांवर डोकं टेकलं आणि चपला घालून चालू लागला.

"आरं, कुठं निघाला ह्यो? जीप यायची हाय की अजून," शाहीर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाहिरांनी मला दादाच्या घरी धाडलं. "त्याला म्हणावं, खुळ्या, साहेबाच्या यंत्राची कटकट हुती ती. तुझी जागा कोण घेतंय? ये म्हणावं गुमान." मी गल्लीच्या तोंडाशी मारुतीच्या देवळापर्यंत गेलो, कट्ट्यावर बसून एक विडी ओढली आणि परतलो. शाहिरांना म्हणालो, "न्हाई येत म्हणतोय. लई मोठा झालाय आता त्यो."

शाहीर म्हणाले, "ऱ्हाऊ दे मग." पुन्हा त्यांनी दादाचं नाव काढलं नाही. आठवड्याभरात दादा बायकोला घेऊन खानापूरकडं मेव्हण्याच्या लाकडाच्या वखारीत कामाला गेला. दिवाळीच्या पाडव्याला डफ माझ्या हातात आला.

'घाटवाट' नावानं ती कॅसेट बाजारात आली आणि मग विचारू नका. एसटी कँटीन, लग्नाचे मांडव, उसाचे ट्रॅक्टर, जत्रेतले पाळणे, जिथं जावं तिथं तीच. वेष्टणावर शाहिरांचा फोटो, शेजारी माझा, आणि खाली नावं: केरबा शाहीर, सर्जेराव, मुबारक आणि साथीदार. ती नावं साहेबांना मीच लिहून दिली होती. लोक विचारायचे, त्यो लांबनं येणारा आवाज कुणाचा? मी म्हणायचो, हुता एकजण आमच्यात. साहेबांची दोन पत्रं आली, दुसरी कॅसेट करू, आकारामांना घेऊन या. मी उत्तर धाडलं की त्यांनी गाणं सोडलं. दुसरी कॅसेट केली, पण आपटली. दारात कुणी नव्हतं.

शाहीर गेले, टिपणीस साहेब गेले, मुबारकचाचा गेले. मी मात्र डफ घेऊन गावोगाव मिरवत होतो. हारतुरे घेतले, दोन पुरस्कार घेतले. दादाकडं जाऊन सांगावं असं दर वर्षी मनात यायचं आणि दर वर्षी सुगीच, नाहीतर जत्राच आडवी यायची. नाचता येईना, अंगण वाकडं. तेवीस वर्षं गेली.

मग इंदावहिनीचा फोन आला. "तुमच्या दादांचं काय खरं न्हाई. लाकडाच्या भुशानं छाती पार गेलीया. एकदा येऊन जावा."

मी गेलो. दादा पलंगावर उशीला टेकून बसला होता. खांदे हाडांवर आले होते, श्वास घेताना गळ्याखाली खड्डा पडत होता. मला बघून त्याचा चेहरा उजळला. मला वाटलं होतं, तो भिंतीकडं तोंड करेल.

"ये सर्जा. वाट चुकलास जणू?"

मी त्याच्या पायांशी बसलो. समोर फळीवर टेपरेकॉर्डर होता आणि शेजारी 'घाटवाट'.

"ही घेतलीस तू?"

"दोनदा घेतली. पयली झिजली," दादा म्हणाला. "शाहिरांचा आवाज ऐकाय मिळतोय. आनि त्या पोराचा."

"कुठल्या पोराचा?"

"पुण्याच्या. माझ्या जागी घातलंय न्हवं ते?" तो दम घेत घेत बोलत होता, पण रागाचा मागमूस नव्हता. "साहेबानं माझा आवाज पुसला आनि पुण्यात दुसऱ्याचा भरला. पयल्यांदा खानापूरच्या स्टँडवर ऐकलं, तवा तीन दिस जेवलो न्हाई. इंदीला विचार. मग म्हटलं, त्या पोराचा काय गुन्हा? गायलंय मातुर बेस. मला न्हाई जमलं असतं असं."

दादानं स्वतःचा आवाज जन्मात कधी ऐकला नव्हता. ज्याचा त्याला आपला आवाज आतून ऐकू येतो, तो निराळा असतो. हे मला त्या क्षणी कळलं.

"दादा, त्यो तूच हाईस."

तो हसला. "हं."

"तुझ्या गळ्याची आण. पुण्यात कोण गायलं न्हाई. दारात उभा राहून तूच गायलास, तीच टेप ही."

"मी बी हेच म्हणतीया," इंदावहिनी चुलीपाशी बसून बोलली. "तुमच्यावानीच लागतंय. ऐकतच न्हाईत."

"बाईमाणसाला काय कळतंय सुरातलं!" दादा म्हणाला. मग माझ्याकडं वळला. "आनि तू कशाला असलं बोलायलास? आजारी हाय म्हणून?"

"न्हाई दादा. साहेबांनी त्या दिशी दुपारी मला ऐकवलं. म्हणाले, ही कॅसेट चालंल ती दारातल्या माणसामुळं. तुला सांग म्हणाले."

"तेच सांगतोय मी," दादा म्हणाला. त्याचा श्वास लागला, तो थांबला, आणि समजुतीच्या सुरात पुन्हा बोलू लागला. "साहेबानं तुझ्या कानाला यंत्र लावलं, ते मी बघत हुतो. मनात म्हटलं, माझा आवाज त्यात असंल तर सर्जा पळत येईल सांगायला. तू आलास आनि गप जेवाय बसलास. तवाच कळलं मला, आपला आवाज त्यात न्हाई."

मी त्याचे दोन्ही पाय धरले. "मी खोटं बोललो, दादा. मला डफ पायजे हुता."

"तू? माझ्याशी?" दादानं मान हलवली आणि माझ्या हातावर थोपटलं. "उगं कायतरी. तुला मी हातानं तार आवळाय शिकवली. तू माझ्याशी कशाला खोटं बोलशील?"

मी पुन्हा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगितलं. रडलोसुद्धा. साक्षीला कुणी उरलं नव्हतं, आणि दादाच्या गळ्यातून आता धड शब्द निघत नव्हता, मग सूर कुठला. तो मला समजावत राहिला, म्हाताऱ्या माणसाला बरं वाटावं म्हणून असं बोलतात ते त्याला ठाऊक आहे म्हणाला. शेवटी त्यानं इंदावहिनीला टेप लावायला सांगितली. "दुसरी बाजू लाव गं. सर्जा लई दिसांनी आलाय."

शाहिरांची ओळ आली. त्यांच्या मागून, लांबून, झील उठली. दादानं डोळे मिटले, हाताचं एक बोट पलंगाच्या काठावर ताल धरून हलू लागलं.

"हां... हितं बघ. हितं कसा उचलतोय बघ," तो पुटपुटला. "काय गळा दिलाय देवानं!"

मी बघत होतो. गाणं संपलं तसे त्यानं डोळे उघडले.

"तू तर साहेबाच्या वळखीचा," तो म्हणाला. "त्या पोराचं नाव तरी कळलं हुतं का रं?"

"आकाराम," मी म्हणालो.

दादा हसला, माझ्या हातावर पुन्हा थोपटलं आणि म्हणाला, "बरं, बरं. असू दे." मग पुढचं गाणं सुरू झालं, आणि त्यानं मला बोटानंच गप्प राहायला सांगितलं.